गुरुजींचा प्लेअर आणि चिपळूणची वाट : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गुहागर तालुक्यात समुद्राच्या अंगाला एक गाव आहे, तिथले हे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. नाव-गाव सांगत नाही, पण त्यांना आणि घरच्यांना विचारूनच लिहितोय, आणि घडलं ते जसं घडलं तसंच सांगतोय. मी तालुक्यातच बाजारपेठेत मोबाईल आणि बारीकसारीक इलेक्ट्रॉनिक वस्तू रिपेअर करतो, गुरुजींच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलोय, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं ते गिऱ्हाईक म्हणून नाही.

गुरुजींना आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला चिपळूणला जावं लागतं. गावातून शृंगारतळी, मग मार्गताम्हाने, रामपूर, मिरजोळी आणि चिपळूण. गुहागरपासून धरलं तर ४५ एक किलोमीटर, घाटवळणं आणि उतार-चढाव धरून सव्वा-दीड तास. सकाळी साडेसहाला निघायचं, चार तास मशीनवर, आणि घरी यायला दुपारचे अडीच-तीन. येताना त्यांचा जीव अगदी गळून गेलेला असतो, बीपी उतरलेलं असतं, बोलवत नाही. गाडी शेजारच्या एका दादाची, जुनी हॅचबॅक, त्यात साधा स्टिरिओ, ऑक्स (वायरने प्लेअर जोडायचं भोक) आहे, यूएसबी आहे, ब्लूटूथ आहे.

गुरुजी तीसेक वर्षं गावच्या भजन मंडळात पेटीवर बसले. डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या) रात्री, गणपतीतली आरती-भजनं, गजर, गौळणी, सगळं कुणीकुणी कॅसेटवर रेकॉर्ड करून ठेवलेलं, १९९४ पासूनचं. मुंबईच्या मुलाने त्यातल्या बऱ्याचशा कॅसेटी कम्प्युटरवर घेतल्या आणि स्वतःचा जुना चाकवाला गाण्यांचा प्लेअर (चाकावर अंगठा फिरवून गाणं निवडायचं), आत छोटी हार्डडिस्क असलेला, त्यात भरून वडिलांना दिला. साठ तासांचं भजन १२८ केबीपीएस दर्जाला साधारण साडेतीन जीबी होतं. पुढे मुलाने नाट्यसंगीत आणि कीर्तनं घालून ते २२ जीबीवर नेलं, आणि पुढचा एक घोळ त्यातूनच झाला.

गाडीत भजन लागलं की गुरुजींची उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू व्हायची. तबला-पखवाजाचा ठेका नव्हे, पेटीची बोटं, सूर धरल्यासारखी. दादा सांगायचा, ज्या दिवशी गाणं नीट चालतं त्या दिवशी येताना गुरुजी रामपूरपर्यंत तरी डोळे उघडे ठेवतात. म्हणून हा प्लेअर चालणं ही आमच्या दृष्टीने हौसेची गोष्ट नव्हती.

अडचण

अडचण एक नव्हती, चार-पाच होत्या, आणि सगळ्या एकच असल्यासारख्या दिसायच्या. दादाचा फोन यायचा, "गुरुजींचा गाना परत बंद पडला." बस एवढंच. कधी गाणं मधेच थांबायचं, कधी चालू असताना मागे कुईंऽऽ असा आवाज यायचा, कधी हॉस्पिटलातून निघताना गाडी स्टार्ट केली की प्लेअरच बंद होऊन पहिल्यापासून सुरू व्हायचा. उन्हाळ्यात तो हँग व्हायला लागला, आणि पावसाळा लागला तसा एकाच बाजूने आवाज यायला लागला तोही खरखरत.

मी पहिल्यांदा केबल बदलली. मग चार्जर बदलला. मग दुसऱ्या कंपनीची केबल. असे दोन महिने गेले, गुरुजींच्या मुलाचे पैसे गेले आणि फरक काहीच नाही. तेव्हा मी दादाला सांगितलं, फोन करू नकोस, गाणं बंद पडलं की घरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला पेनाने ठिपका दे आणि बाजूला लिही कुठे पडलं, काय चालू होतं, चार्जर लावला होता का. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडला तो हा ठिपका.

महिन्याभराने ते पान बघितलं तर गंमतच दिसली. गाणं थांबायची जागा दर वेळी वेगळी होती, खड्डे एकीकडे आणि बंद पडणं दुसरीकडे, अगदी गुळगुळीत रस्त्यावर. आम्ही दोघंही म्हणत होतो की मग हादऱ्याचा संबंध नाही. पण संबंध होता. असला हार्डडिस्कवाला प्लेअर सतत डिस्कवरून वाजवत नाही, तो थोडं थोडं गाणं उचलून मेमरीत ठेवतो आणि डिस्क थांबवतो, ३२ एमबी मेमरी असली तर १२८ केबीपीएसचं अर्धा तास गाणं त्यात बसतं. मेमरी संपत आली की डिस्क परत फिरते. ती फिरायची वेळ नेमकी खराब पट्ट्यात आली तर वाचताना चुकते, परत परत प्रयत्न करते, आणि मेमरीतलं उरलेलं संपल्यावर पुढे कुठेतरी चांगल्या रस्त्यावर गाणं थांबतं. खड्डा मार्गताम्हान्याला आणि गाणं बंद रामपूरला. कळल्यावर सरळ आहे, पण ठिपके नसते तर मी अजून केबलीच बदलत बसलो असतो.

कुईं आवाजाचं कोडं त्याच पानावर सुटलं. ज्या ज्या दिवशी "चार्जर लावला" लिहिलं होतं त्याच दिवशी तो आवाज, आणि दादाने लिहिलंय "एक्सलेटर दिला की वाढतो". हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा आवाज. प्लेअरची अर्थिंग एकदा चार्जरमधून गाडीला जोडली जाते आणि परत ऑक्सच्या केबलमधून, असा वेढा तयार होतो आणि अल्टरनेटरची कुरकुर त्यातून स्पीकरवर येते. इंजिनाचा वेग वाढला की आवाजाची पट्टी चढते, हीच त्याची खूण. चार्जर उपटला की गप्प.

स्टार्टरचा प्रकार असा की बहुतेक गाड्यांत सेल्फ मारताना बारा व्होल्टच्या सॉकेटची लाईन क्षणभर तुटते. चांगली बॅटरी असलेल्या प्लेअरला त्याचं काही नाही, पण याची बॅटरी पुढे पुढे मेलीच, तो फक्त चार्जरवर जगायला लागला, त्यामुळे सेल्फ मारला की प्लेअर बंद. म्हणजे चार्जर काढला तर प्लेअर मरतो आणि ठेवला तर कुईं. आमची खरी कोंडी तिथे होती.

काय काय पर्याय होते

पहिला पर्याय मुलानेच सुचवला, स्मार्टफोनवरून लावा. दोन कारणांनी नाही म्हटलं. एक म्हणजे या वाटेवर रेंज येते आणि जाते, ऑनलाईन ऐकायचं असेल तर निम्म्या वाटेत गोल चक्र फिरत राहतं, आणि यांची भजनं इंटरनेटवर आहेतच कुठे. फोनच्या मेमरीत टाकता आली असती, पण दुसरं कारण मोठं होतं, फोन हॉस्पिटलच्या कॉलसाठी मोकळा हवा आणि कॉल आला की गाणं तुटतं. शिवाय टच स्क्रीन गुरुजींना जमत नाही. त्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) आहे, त्या हातावर वजन-दाब द्यायचा नाही, मशीनवर असताना तो हलवायचाही नाही. म्हणजे सगळं एका उजव्या हाताने, आणि तेही न बघता.

दुसरा, एफएम ट्रान्समीटर. सॉकेटमध्ये खोचायचा, ८८ ते १०८ मधली एक रिकामी जागा पकडायची आणि गाडीच्या रेडिओवर ऐकायचं. स्वस्त आहे आणि ज्यांच्या गाडीत ऑक्स नाही त्यांना दुसरं काही नाही, पण वळणावळणाला खरखर आणि पखवाजाचा आवाज अगदी चपटा. गुरुजींनी एक बारी ऐकली आणि म्हणाले, "हे आमचं मंडळ नाही रे." विषय संपला.

तिसरा, ब्लूटूथ. वायर नाही म्हणजे अर्थिंगचा वेढाही नाही, मला हा पर्याय आवडला होता. पण गाडी चालू झाली की स्टिरिओ आधी दादाचा फोन पकडायचा, मग दादाने गाडी चालवता चालवता मेनूत शिरायचं, ते मला मान्य नव्हतं. चालवणाऱ्याने गाण्याला हात लावायचा नाही हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलेलं.

चौथा, पेन ड्राईव्ह. माझ्या मते गाडीत गाणी ऐकायला पेन ड्राईव्हइतकी बिनत्रासाची वस्तू नाही. त्याला बॅटरी नाही, फिरणारी डिस्क नाही, करंट आणि गाणं एकाच भोकातून, कुईं नाही, हादऱ्याचं काही नाही. मी तोच करून देणार होतो आणि मोकळा होणार होतो.

इथे निर्णय फिरला. गुरुजींच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकूंनी विचारलं, "आणि मशीनवर चार तास काय ऐकणार ते?" माझ्या डोक्यात फक्त गाडी होती. पेन ड्राईव्ह गाडीतच राहतो, कॉटवर त्याचा काय उपयोग. बॅटरी चांगली होती तोवर गुरुजी त्या चार तासांत एका कानात इअरफोन लावून ऐकत होते, दुसरा कान नर्सचं ऐकायला मोकळा. आणि त्या चाकाची त्यांच्या अंगठ्याला सवय झालेली, चादरीखालीसुद्धा बरोबर गजर लावायचे.

नवीन बटणवाला प्लेअर घ्यायचा हा पाचवा पर्याय होता. आयपॉड २००१ साली आला तेव्हापासून असल्या प्लेअरांनी घरं भरलेली, पण २०२२ ला त्याचंही शेवटचं मॉडेल बंद झालं आणि आता बाजारात जे मिळतात ते बहुतेक महागडे टचवाले नाहीतर अगदीच भिकार. त्या वयात नवीन वस्तू शिकवण्यापेक्षा हाताला बसलेली वस्तू दुरुस्त करावी असं मी म्हटलं, आणि मुलाने होकार दिला.

काय केलं

जुना प्लेअर उघडला. पातळ पत्र्याची पाठ असते, चारी बाजूंनी क्लिपा, प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवायच्या, आणि उघडताना झटका दिला तर आतली बॅटरीची पट्टी तुटते. बॅटरी बघितली तर पोट फुगलेलं. एप्रिल-मेमध्ये हॉस्पिटलच्या पार्किंगला बंद गाडीत डॅशबोर्डवर तो दर फेरीला चार-पाच तास तापत होता, मग दुसरं काय होणार. असल्या वस्तू वापरायला ३५ डिग्रीपर्यंत आणि नुसत्या ठेवायला ४५ डिग्रीपर्यंत चालतात असं बनवणारे सांगतात, आणि उन्हातली बंद गाडी त्याच्या कितीतरी वर जाते. नवी बॅटरी घातली. हार्डडिस्क काढून तिच्या जागी एसडी कार्ड बसवायचा अॅडॅप्टर घातला. फिरणारं काही उरलंच नाही, म्हणजे हादऱ्याचा प्रश्न मुळातून गेला, आणि डिस्क फिरवायचा करंट वाचला त्यामुळे एका चार्जवर जाणं, चार तास मशीन आणि येणं सहज निघतं. मग गाडीत चार्जर लावायचाच कशाला? रात्री घरी चार्ज. चार्जर गेला तसा कुईं आवाजही गेला. मी वेढा तोडायचा आयसोलेटर, अडीचशे रुपयांचा डबा, आणून ठेवला होता, तो अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे.

खरखरीचं कारण खारं वारं. गाडी रात्री समुद्राजवळ उघड्यावर उभी, पावसाळ्यात हवेलाच ओल, ऑक्सची पिन बघितली तर गळ्याशी हिरवट कड. पिन आणि सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केलं, कापूस काडीला गुंडाळून. पण रोज आत-बाहेर केलं की सॉकेटच ढिला होतो आणि तो बदलायला स्टिरिओ उतरवावा लागतो. म्हणून वीतभर एक्स्टेन्शन केबल स्टिरिओत कायमची लावून ठेवली, प्लेअर तिच्या दुसऱ्या टोकाला जोडायचा. झिजेल ती केबल झिजेल.

आवाजाचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि लोक तेच करत नाहीत. वेगवेगळ्या रात्रीच्या, वेगवेगळ्या टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटी, एक फाईल कुजबुजल्यासारखी आणि पुढची सुरू झाली की पखवाज एकदम छातीवर. थकलेला माणूस डोळे मिटून बसलेला असताना तसं होणं वाईट. एमपीथ्रीगेन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते गाणं परत एन्कोड न करता आवाजाची पातळी एकसारखी करतं, ८९ डेसिबलला सगळं आणलं. नाट्यसंगीतातल्या स्टिरिओ फाईली मोनो केल्या, कारण इअरफोन एकाच कानात, त्यात अर्धी साथ हरवत होती. प्लेअरचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून पुढचं कमी-जास्त स्टिरिओवर करायचं हे दादाला शिकवलं, प्लेअर पूर्ण वर नेला की आवाज फाटतो आणि खूप खाली ठेवून स्टिरिओ वाढवला की खरखर वाढते.

मधे फसलेलं

जे कार्ड मी घातलं ते १२८ जीबीचं म्हणून स्वस्तात घेतलेलं. भरलं, नावं दिसली, वेळ दिसली, दोन-तीन गाणी वाजवून बघितली आणि दिलं. जुलैत एका दिवशी गुरुजींचं बीपी फार उतरलं होतं, येताना गाडीत आडवे होते, आणि त्यांनी दादाला एक बारी लावायला सांगितली, त्यांच्या बुवांची, ते बुवा आता नाहीत. दादाने गाडी बाजूला घेऊन लावली. नाव आलं, पट्टी सरकत होती, आवाज नाही. पुढची लावली, तीही मुकी. मंडळाच्या सगळ्या फाईली मुक्या.

कार्ड खोटं होतं. असल्या कार्डात खरी जागा थोडीच असते, कम्प्युटरला मात्र १२८ दाखवतं, खरी जागा संपल्यावर पुढचं लिहिलेलं कुठेच जात नाही. नाट्यसंगीत आणि कीर्तनं आधी कॉपी झाली, मंडळाच्या फाईली शेवटी, त्यामुळे नेमकं तेच गेलं जे पाहिजे होतं. मूळ प्रती मुलाच्या कम्प्युटरवर होत्या म्हणून निभावलं. संध्याकाळी गुरुजींच्या घरी गेलो, चूक माझी आहे असं सांगितलं. ते म्हणाले, "पाढे तपासल्याशिवाय पाटी पुसायची नाही, शिकवलं होतं ना." अजून ऐकू येतं ते मला.

कार्ड तपासायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, ती पूर्ण कार्डभर लिहितात आणि परत वाचून ताडतात. तासन्तास लागतात, लागू देत. नवीन कार्ड ओळखीच्या दुकानातून बिलावर घेतलं, ३२ जीबीचं, रात्रभर तपासलं आणि यावेळी मंडळाच्या फाईली सगळ्यात आधी घातल्या.

त्याच रात्री पेन ड्राईव्हही बनवला, गाडीत कायमचा राहील असा, प्लेअर रुसला तर दादाने यूएसबीचं एक बटण दाबायचं की भजन चालू. एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केला, कारण बऱ्याच गाड्यांचे स्टिरिओ तेवढंच वाचतात. आपली देवनागरी नावं या स्टिरिओवर नुसत्या चौकोनी खिडक्या म्हणून दिसतात, म्हणून फाईलींना रोमन अक्षरांत नावं दिली आणि पुढे ०१, ०२ असे आकडे, नाहीतर गजर आधी आणि रूपाचा अभंग नंतर असं काहीतरी उलटसुलट वाजतं आणि गुरुजींना ते खपत नाही. चाळीस-चाळीस मिनिटांच्या बाऱ्या एकेका अभंगावर कापल्या, म्हणजे गाडी बंद करून चालू केल्यावर फार मागे जायला नको.

काय झालं

ऑगस्टच्या पानावर ठिपके विरळ झाले, गणपतीच्या दिवसांत दोन, आणि त्यातला एक ठिपका दादा प्लेअर घरी चार्जिंगला लावायला विसरला म्हणून. दिवाळीच्या पानावर एकही नाही. प्लेअर आता डॅशबोर्डवर नसतो, काकूंनी जुन्या साडीची छोटी पिशवी शिवलीय, गाडीत ती गुरुजींच्या उजव्या बाजूला आणि गाडीतून उतरताना त्यांच्या खांद्याला. प्लेअर गाडीत तापायला राहतच नाही. पेन ड्राईव्ह आतापर्यंत तीन वेळा लागला, त्यातल्या एकदा दादाची गाडी गॅरेजला होती म्हणून दुसऱ्याच्या गाडीत, तिथेही नीट चालला.

मशीनवर बाजूच्या कॉटवरचे एक आजोबा आता दुसरा इअरफोन मागून घेतात. ते दापोलीकडचे, त्यांच्या मंडळाची चाल वेगळी, दोघांचे वाद चालू असतात आणि नर्स सांगते की वेळ लवकर जातो.

परत करायचं झालं तर

ठिपक्यांचं पान पहिल्या दिवसापासून ठेवेन, वस्तू विकत घ्यायच्या आधी. मी दोन महिने जे केलं ते रिपेअरिंग नव्हतं, अंदाज होता, आणि त्या दोन महिन्यांत गुरुजी पंचवीसेक वेळा चिपळूणला जाऊन आले.

एका वेळी एकच गोष्ट बदलेन. मी केबल आणि चार्जर एकदम बदलले तेव्हा कुईं थोडं कमी झाल्यासारखं वाटलं, कशामुळे ते कळायला मार्ग नाही.

प्लेअर दुरुस्त करायच्या आधीच पेन ड्राईव्ह देऊन ठेवेन. तासाभराचं काम होतं. फेब्रुवारीत दिला असता तर निदान गाडीतलं भजन तरी सुरू राहिलं असतं आणि मला प्लेअरवर घाई न करता काम करता आलं असतं. पक्कं उत्तर शोधायच्या नादात हातातलं सोपं उत्तर मी बाजूला ठेवलं होतं.

आणि माणसाचा पूर्ण दिवस विचारेन, फक्त गाडीतला नाही. काकूंनी विचारलं नसतं तर मी चार तास विसरलोच होतो.

एक निर्णय अजून माझ्या मनात नक्की नाही. फुगलेली बॅटरी मी मेमध्ये बघितली असती, जर तेव्हाच उघडला असता. उघडला नाही कारण वाटलं जुनी वस्तू आहे, उघडताना तुटली तर गुरुजींचं भजनच जाईल. पण फुगलेली बॅटरी म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर ठेवणं हा त्याहून मोठा धोका होता. आता कुणी असला जुना प्लेअर घेऊन आलं आणि पाठ जरा जरी वर आलेली दिसली तर चार्जिंग तिथेच थांबवतो.

अकरा कॅसेटी अजून राहिल्यात. ट्रंकेत होत्या, दमट हवेने त्यांच्या रिबिनीवर पांढरी बुरशी आलीय, तशाच टेपरेकॉर्डरला लावल्या तर हेडही खराब होईल आणि रिबीनही. त्यातल्या एकीवर गुरुजींच्या अक्षरात लिहिलंय, "शिमगा, रात्र दुसरी, पेटी मी." मुलगा शिमग्याला येतोय, तोवर एकेक उघडून साफ करायला घेतल्यात.